वाचकांचे प्रश्न : पोकरवर घर चालेल का?

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. गेले चार महिने दर शनिवार-रविवारी गोव्याला जाऊन पोकर खेळतो. १००-२०० च्या टेबलावर १ लाख २० हजार जिंकलाय आणि आता नोकरी सोडायची म्हणतो. त्याला खेळ खरंच येतो, की हे नशीब आहे? ओळखायचं कसं?

एवढ्या खेळावरून ओळखता येत नाही, आणि हे त्यालाही आकड्यांनीच पटेल. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. आठवड्याला बारा तास धरले तर चार महिन्यांत साधारण ५,००० डाव झाले. १००-२०० च्या टेबलावर दर डावाला पानं बघण्याआधी दोघांनी १०० आणि २०० रुपये सक्तीने लावायचे असतात; त्यातली मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. त्याची कमाई ६०० बिग ब्लाइंड, म्हणजे ६०० वेळा २०० रुपये. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात (एका वेळी समोरचे सगळे पैसे लावता येतात) चढउतार इतका मोठा असतो, की रेक (टेबल चालवणाऱ्याचा वाटा) देऊन ना नफा ना तोटा अशा खेळाडूलाही ५,००० डावांत ६०० किंवा जास्त बिग ब्लाइंड मिळण्याची शक्यता साधारण सहात एक असते. उलट, तासाला ५ बिग ब्लाइंड कमावणारा खरोखर चांगला खेळाडूही याच काळात अंदाजे ६०० वर राहू शकतो. दोघांची हिशेबाची वही सारखीच दिसेल.

हजार तासांनंतर चित्र बरंच स्पष्ट होतं. आठवड्याला बारा तास, म्हणजे दीड वर्षाहून जास्त. तोवर नोकरी सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे. शिवाय गोव्यात हौशी पर्यटक शनिवार-रविवारी जास्त असतात. मधल्या वारी टेबलावर बहुतेक रोजचेच मुरलेले खेळाडू उरतात. पूर्णवेळ खेळायला लागला की त्याचे तास वाढतील, पण तासामागची कमाई घटेल.

वही मात्र आजपासून लिहायला लावा : तारीख, ब्लाइंड, तास, आत नेलेले पैसे, बाहेर आणलेले पैसे. विमान, हॉटेल आणि डीलरची टिप वेगळ्या रकान्यात. हरलेली रात्र 'मोजायची नाही' असं एकदा जरी झालं, तरी वही निरुपयोगी.

त्याची समज तपासायची तर हा डाव विचारा. टर्न (टेबलावरचं चौथं सामाईक पान) पडला आहे, आता एकच पान यायचंय. त्याच्या हातातली आणि टेबलावरची मिळून बदामाची चार पानं आहेत, जिंकायला पाचवं हवं. पॉटमध्ये (डावात जमलेल्या पैशांत) ६,००० आहेत आणि समोरच्याने ३,००० लावले. कॉल करायचा का, म्हणजे तेवढेच लावून डावात राहायचं का? आपला कॉल धरून होणाऱ्या १२,००० च्या पॉटसाठी ३,००० द्यायचे, म्हणजे २५ टक्के वेळा जिंकायला हवं. न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९, म्हणजे १९.६ टक्के. नुसत्या या हिशेबाने कॉल तोट्याचा. पाचवं बदाम पडल्यावर समोरच्याकडून सरासरी आणखी ३,३०० च्या वर निघणार असतील तरच तो परवडतो, आणि त्यासाठी त्याच्यापुढे तेवढे चिप्स शिल्लक हवेत. मुलगा शेवटच्या वाक्यापर्यंत स्वतःहून पोचला तर अभ्यास चालू आहे. 'मला वाटलं येईल' म्हणाला तर अजून नाही.

पैसा वेगळा ठेवणं तितकंच गरजेचं. या टेबलाचा १०० बिग ब्लाइंडचा बाय-इन (बसताना टेबलावर आणायचे पैसे) २०,००० होतो. असे किमान ४० हाताशी हवेत, म्हणजे ८ लाख. घरखर्चाचे पैसे त्यात धरायचे नाहीत. खेळाच्या या राखीव पैशांतून, म्हणजे बँकरोलमधून, घरभाडं जायला लागलं की माणूस भीतीने खेळतो, आणि समोरच्यांना ते लगेच कळतं.

प्रश्न : मी फक्त टूर्नामेंट खेळतो. करानंतर हातात काय उरतं? (नागपूर)

फार कमी. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर लागतो, उपकर धरून ३१.२. त्याला स्लॅबची सवलत नाही, खर्चाची वजावट नाही, हरलेल्या स्पर्धांचा तोटाही वळता होत नाही. समजा वर्षात ५०,००० प्रवेशशुल्काच्या २४ स्पर्धा खेळलात, म्हणजे १२ लाख. दोन स्पर्धांत मिळून १८ लाख आले. तुमच्या मते नफा ६ लाख. त्या दोन स्पर्धांचं शुल्क वजा धरू दिलं तरी १७ लाखांवर कर ५ लाख ३० हजार. उरले ७० हजार, आणि त्यातूनच प्रवास व मुक्काम. स्पर्धा निवडण्याआधी हे गणित वर्षाच्या अंदाजाने मांडा आणि या प्रकारची विवरणपत्रं भरलेला सीए गाठा.

प्रश्न : परदेशी अ‍ॅपवर व्हीपीएन लावून खेळलं तर चालतं का? (नाशिक)

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. शिक्षा चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही, हे खरं. पण अशा अ‍ॅपने पैसे अडकवले तर दाद कुणाकडे मागणार? फ्लॅटवर रेक घेऊन टेबल चालवणाऱ्यांपासूनही दूर राहा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. धाड पडली तर पोकर कौशल्याचा खेळ आहे हा मुद्दा मांडायचा तो कोर्टात, त्याआधी पोलीस ठाण्यात नव्हे.

प्रश्न : एक जण माझं प्रवेशशुल्क भरायला तयार आहे, नफ्यात अर्धा वाटा. सही करू का? (ठाणे)

करारात 'मेकअप' आणि कर या दोन गोष्टी कशा लिहिल्यात ते आधी पाहा. मेकअप म्हणजे आधीचा साठलेला तोटा, जो पुढच्या बक्षिसातून आधी फेडायचा. त्याने ३ लाख भरले, तुम्ही सगळे हरलात आणि नंतर ४ लाखांचं बक्षीस आलं, तर ३ लाख त्याचे आणि उरलेल्या लाखाचे दोन भाग. कागदावर तुम्हाला ५०,००० दिसतात. पण कॅसिनो ३० टक्के टीडीएस कापून २ लाख ८० हजारच देणार, आणि कापलेला करही तुमच्याच पॅनवर. म्हणजे त्याचे ३ लाखसुद्धा पुरे फिटत नाहीत. मग ही तूट कुणाची? वाटणी टीडीएस कापल्यानंतरच्या रकमेची, असं स्पष्ट लिहून घ्या. करार संपवल्यावर मेकअप माफ होणार की तुमच्या नावावर कर्ज म्हणून राहणार, हेही त्याच कागदावर हवं. कर्ज राहणार असेल तर सही करू नका.