खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) आमच्या गावात फायबर पोचलेलं नाही. घर आणि दुकान, दोन्हीसाठी एअरफायबर चालेल का?

चालेल, पण आधी 5जी फोन घेऊन छपरावर चढा. तिथेही 5जी दिसत नसेल तर सध्या नाद सोडा.

एअरफायबरमध्ये घरापर्यंत केबल नसते. टॉवरचा सिग्नल छपरावरच्या डब्यात येतो आणि तिथून एका वायरीने राउटरला. 5जीचा वेगवान पट्टा (रेडिओ लहरींचा) साधारण 3.3 ते 3.6 गिगाहर्ट्‌झचा. त्याला पाऊस फारसा अडवत नाही, अगदी जांबोटी-कणकुंबीकडचा मुसळधारसुद्धा नाही! अडवतात ती झाडं. समोर ओल्या पानांनी गच्च भरलेला फणस असेल तर वेग पार ढेपाळतो. म्हणून डबा पाइपावर, फांद्यांच्या वर बसवून घ्या, आणि बसवणारा जायच्या आत स्पीड टेस्ट करायला लावा. 700 मेगाहर्ट्‌झचा पट्टा झाडा-भिंतींतून बरा शिरतो, पण त्याला तेवढा वेग नाही.

दुकानात बिलिंग, यूपीआय बिनधास्त चालेल. सीसीटीव्ही बेळगावात बसून बघायचा असेल तर क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारा कॅमेरा घ्या. या जोडणीत सहसा स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, आणि अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.

लाईट गेली की डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतात, तेव्हा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.