बॉयकॉटच्या शेतातले मजूर

सप्रेम आशीर्वाद.

आयर्लंडमधल्या कुळांच्या चळवळीवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. एका बाजूला जुलमी जमीनदार, दुसऱ्या बाजूला एकदिलाने उभा आयरिश गाव. ही मांडणी मोड.

चळवळीचा पुढारी पार्नेल याचं एनिस गावातलं भाषण (१९ सप्टेंबर १८८०) पुन्हा काढ. तो सभेला विचारतो, बेदखल झालेल्या कुळाची जमीन दुसऱ्याने घेतली, तर त्या घेणाऱ्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज येतो, गोळी घाला. तो सांगतो, त्याहून चांगला उपाय आहे: रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्येसुद्धा त्याला एकटं पाडा. आपण ज्याला वाळीत टाकणं म्हणतो, तेच. (आपल्याकडे जातपंचायतींनी या शब्दाची काय गत केली, ते तुला ठाऊक आहे; म्हणून तो जपून वापर.) म्हणजे रोख आधी जमीनदारावर नव्हताच, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यावर होता. रिकामी झालेली जमीन कसायला कुणी पुढे आलंच नाही, तर कूळ हुसकावून जमीनदाराच्या हाती काय लागणार?

काही दिवसांतच मेयो परगण्यात जमीनदार लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर हे हत्यार चाललं. गडीमाणसं गेली, जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात, सलगम-बटाटे जमिनीतच. नोव्हेंबरात उत्तरेतल्या अल्स्टरहून पन्नास माणसं काढणीला आणली आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस. पीक जेमतेम पाचशे पौंडांचं, खर्च दहा हजारांच्या घरात!

हा किस्सा सगळेच रंगवतात, तूही रंगवलायस. पण काम सोडलेल्या त्या शेतमजुरांकडे बघ. काही मनापासून गेले, काही धाकाने. मजुरी मात्र सगळ्यांचीच बुडाली. १८८१च्या जमीन कायद्याने कुळांना वाजवी खंड दिला, कसण्याचा हक्क पक्का केला. थकबाकीदार कुळांना १८८२पर्यंत थांबावं लागलं. ज्याच्या नावावर कुळवहिवाटही नव्हती, त्याच्या पदरात त्यातलं फारसं पडलं नाही.

ही चळवळ उभी करणाऱ्या मायकल डेव्हिटवर स्वतंत्र प्रकरण हवं. चार वर्षांचा असताना घरादारासह बेदखल, अकराव्या वर्षी इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापडगिरणीत उजवा हात गेला. जमीन राष्ट्राची व्हावी, असं पुढे तो म्हणू लागला. कुळांना मात्र ती स्वतःच्या नावावर हवी होती. त्याचीच चळवळ, आणि त्याचंच म्हणणं मागे पडलं.

रविवारी ये. बॉयकॉटचं पान निम्मं करून आण, मजुरांचं नवं लिहून.