जुना पिकअप घेताय? आधी जोडकाम ओळखा

भाऊ, तुम्ही घ्यायचा म्हणताय त्या जुन्या पिकअपचे फोटो पाहिले. रंग बघून भुलू नका. आपल्याकडं लातूर-उदगीरच्या वाटेवर सोयाबीनची पोती वाहिलेल्या पिकअपमध्ये मूळ सामान कमी, भंगारातून काढून बसवलेलं जास्त, हे धरूनच चला.

पहिलं काम, चेसिस नंबर. 17 अंक-अक्षरं असतात. माती-ग्रीस पुसून आरसीशी एकेक अक्षर जुळवा, इंजिन नंबरही. फ्रेमवर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर किंमत बोलूच नका.

मग खाली बसून मागच्या पाट्यांची (गाडीचा भार झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) दोन्हीकडची पानं मोजा. एका बाजूला एखादं पान जास्त असलं की रिकामी गाडीसुद्धा तिरपी उभी राहते.

डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा, मात्र वरून कळत नाही. बदललेलं हाऊसिंग (त्याचं कवच) असेल तर आतल्या क्राऊन-पिनियन या दोन गिअरचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो वेगळा असू शकतो. मग गाडी चढाला रडते नाहीतर मोकळ्या रस्त्यावर नुसतीच ओरडते. रेशो मोजायला पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड ठेवा. ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागं येणाऱ्या लांब दांड्यावर) खडूनं खूण करून त्याचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, म्हणून या चाकाचे दोन फेरे एकाच्या हिशेबात धरायचे. शाफ्टचे चार फेरे आणि वर थोडं, म्हणजे रेशो चारच्या थोडा वर. हा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. मिस्त्री हसेल, हसू द्या.

काचांवरचे शिक्के वेगवेगळे असले तर एवढं मनावर घेऊ नका, काच फुटतेच. दरवाजाच्या बिजागरीचे बोल्ट मात्र बघा, रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे, म्हणजे बोल्ट कधीतरी खोललेत.