डब्बा टीव्ही, चारशेचा रिचार्ज आणि दिवाळीची ऑफर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचक चाकणला नोकरी करतात, हातात ३४ हजार पगार येतो. आई-वडील सातारा जिल्ह्यात गावी असतात. घरी २१ इंची जुना डब्बा टीव्ही आहे आणि तो नीट चालतो. केबलवाल्याने महिना ४०० रुपये केले आहेत. दुकानदार सांगतो, ‘हा अ‍ॅनालॉग टीव्ही आहे, सगळं डिजिटल झालं, आता याचं काही खरं नाही.’ तो ४३ इंची स्मार्ट टीव्ही २६ हजारांना देतोय, बारा हप्ते, ‘नो कॉस्ट’. मित्र म्हणतो फ्री डिशची छत्री बसव, महिन्याची कटकटच नको. वडील म्हणतात काहीच करू नकोस. आईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना मालिका पाहायच्या असतात. बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं ७० हजारांचं सोनेतारण कर्ज १२ टक्क्यांनी चालू आहे.

नमस्कार.

आधी दुकानदाराचं बोलणं बाजूला काढू, कारण तुमच्या मनातली निम्मी घाई त्यातून आली आहे. बंद झालं ते अ‍ॅनालॉग प्रक्षेपण. टीव्ही बंद झालेला नाही. केबल डिजिटल करायचा कायदा २०११ चा. मुंबईत ते २०१२ च्या अखेरीस लागू झालं, पुणे-नाशिक-नागपूरसारख्या शहरांत मार्च २०१३ ची मुदत होती आणि गावांपर्यंत पोहोचता पोहोचता २०१७ उजाडलं. दूरदर्शननेही जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले, सीमेकडचे आणि महत्त्वाच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून. म्हणजे गच्चीवरचा जुना अँटेना आता कपडे वाळत घालायलाच उपयोगी. पण तुमच्या घरी केबलचा सेट टॉप बॉक्स आहे, म्हणजे तुमचा टीव्ही इतकी वर्षं डिजिटल प्रक्षेपणच दाखवतो आहे. बॉक्स आलेला सिग्नल उलगडतो आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांतून टीव्हीला समजेल असं चित्र आणि आवाज देतो. पडद्याला त्यापलीकडचं काही कळत नाही, कळायची गरजही नाही.

तेव्हा ‘टीव्ही बदलावाच लागेल’ हे कारण रद्द. आता बदलण्यासारखं काही आहे का, ते बघू.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महाग वाटलेली गोष्ट २६ हजारांचा टीव्ही नाही. ती आहे महिना ४०० रुपये. वर्षाला ४,८००, पाच वर्षांत २४,०००. म्हणजे दुकानदाराचा टीव्ही तुम्ही हळूहळू विकत घेतच आहात, फक्त तो घरी येत नाही. आणि या ४०० मध्ये काय मिळतं ते तुमच्या घरात कोणालाच नीट माहीत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. केबलवाल्याने लावलेला पॅक चालू आहे. त्यात तमिळ चित्रपट, मुलांची कार्टून, तीन-चार संगीताच्या वाहिन्या असं सगळं असणार. पाहणारी माणसं दोन.

२०१९ च्या फेब्रुवारीपासून ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या सुट्या घेता येतात. हा तुमचा हक्क आहे, केबलवाल्याची मेहेरबानी नाही. बिलाचे दोन भाग असतात. एक दर महिन्याचं जोडणीचं शुल्क. त्यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आधी १३० रुपयांची मर्यादा घातली होती. जुलै २०२४ मध्ये ती उठवली, पण बऱ्याच ठिकाणी आकडा त्याच आसपास आहे. या शुल्कात निःशुल्क वाहिन्या येतात, मराठी बातम्यांच्या काही वाहिन्याही त्यातच. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा. जी वाहिनी कंपनीला पॅकमध्ये घालायची असते तिची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, आणि आईंच्या मालिका ज्या वाहिन्यांवर लागतात त्या बहुतेक याच गटातल्या.

आता बेरीज करू. आईंसाठी तीन मराठी वाहिन्या, वडिलांसाठी खेळाची एक. चार गुणिले १९ म्हणजे ७६. त्यात १३० मिळवले की २०६, आणि १८ टक्के जीएसटी धरून २४३ रुपये. वर्षाला २,९१६. टीव्ही तोच, रिमोट तोच, आणि वर्षाला १,८८४ रुपये घरात राहिले. यासाठी लागतो एक फोन. केबलवाला ‘सुटं काही मिळत नाही, पॅकच घ्यावा लागतो’ म्हणेल. तेव्हा बॉक्स कोणत्या कंपनीचा आहे ते पाहा आणि तिच्या ग्राहक सेवेला किंवा अ‍ॅपवर जाऊन वाहिन्या स्वतः निवडा. गावात रोज तोंड दिसतं, भांडण नको वाटतं, हे मी समजू शकतो. म्हणूनच हे काम वडिलांवर न टाकता तुम्ही चाकणहून करा.

फ्री डिशचं तुमचा मित्र सांगतो ते खरंच आहे. प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेची, ही सेवा २००४ च्या डिसेंबरपासून आहे आणि तिला महिन्याचं शुल्क नाही. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून साधारण दोन हजारांत काम होतं. घरात किंवा शेजाऱ्याकडे जुन्या डीटीएचची छत्री पडून असेल तर तीच फिरवून चालते, मग आणखी स्वस्त. ज्या उपग्रहावरून हे येतं तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे साताऱ्यातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे जरा उंच. त्या बाजूला आंब्याचं झाड किंवा शेजाऱ्याची भिंत नाही ना, एवढं आधी पाहायचं. जोराच्या पावसात चित्र तुटतं, ते दुरुस्त होत नाही, पाऊस थांबायची वाट बघायची.

डब्बा टीव्हीवाल्यांनी बॉक्स घेताना दुकानातच तो उलटा करून पाठ बघावी. नवे बॉक्स एचडीएमआयच्या, म्हणजे नव्या टीव्हीच्या जोडणीच्या, जोरावर विकले जातात. तुम्हाला ‘एव्ही आऊट’ हवं, म्हणजे त्या तीन रंगी पिनांची जागा. काही बॉक्सना तीन पिनांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि त्याची वायर वेगळी येते, ती डब्यात आहे का ते बघा. घेताना एमपेग-४ या नव्या प्रकारचा घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात. घरी जोडल्यावर रंग गायब होऊन चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्ही बिघडलेला नसतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रंगाची पद्धत एनटीएससीच्या जागी पाल करायची, रंग परत येतो. टीव्हीला एकच आवाजाची पिन असेल तर पांढरी लावा. आणि टीव्ही इतका जुना असेल की मागे फक्त अँटेनाचं भोक आहे, तर मध्ये मॉड्युलेटरची डबी लागते, काहीशे रुपयांची. तुमच्या २१ इंचीला एव्ही आहेच, कारण केबलचा बॉक्स त्यावरच चालतोय.

पण फ्री डिशमध्ये एक ग्यानबाची मेख आहे आणि ती तुमच्या मित्राने सांगितलेली दिसत नाही. सह्याद्री दिसते, काही मराठी खासगी वाहिन्याही दिसतात, पण ज्या दोन-तीन मोठ्या वाहिन्यांवरच्या मालिकांसाठी संध्याकाळी सात ते दहा घराघरांत कुकर लवकर लागतो, त्या तिथे नाहीत. त्या सशुल्क आहेत. आणि ज्या खासगी वाहिन्या आहेत त्या लिलावात जागा घेऊन येतात. आज आहे ती वर्षभराने असेलच असं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये चार मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकदम उचलल्या होत्या, पुढे काही परतल्या. फुकटाच्या मालाबद्दल तक्रार कुणाकडे करणार?

वडिलांसाठी मात्र तिथे एक खरा फायदा आहे. तुम्ही लिहिलंय की केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर भारताच्या मॅचच्या वेळी तिथे भलतंच काहीतरी चालू असतं आणि ते केबलवाल्यावर चिडतात. त्यात केबलवाल्याचा दोष नाही. २००७ च्या कायद्याने खासगी कंपनीला महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबलवर नाही. त्यामुळे मायदेशातले भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने फ्री डिशवर फुकट दिसतात. आयपीएल त्यात नाही. तरीही नुसत्या क्रिकेटसाठी दोन हजारांची छत्री बसवू नका. केबलवर खेळाची एक वाहिनी करासकट साडेबावीस रुपयांना पडते. दोन हजार फिटायला सात वर्षं जातील. डब्बा टीव्ही तेवढा टिकेल?

म्हणजे फ्री डिश घ्यायची तर केबल पूर्ण तोडूनच. तसं केलं तर २४३ च्या हिशेबाने सव्वाआठ महिन्यांत पैसे वसूल, आणि पाच वर्षांत बारा हजारांच्या वर बचत. नुसत्या आकड्यांत फ्री डिश जिंकते. मी तरीही ती सुचवत नाही. रोज तीन तास ज्या गोष्टीत आईंचं मन रमतं ती महिन्याला २४३ रुपयांत मिळत असेल तर मला ती महाग वाटत नाही. त्यांनी स्वतःहून ‘मला सह्याद्री चालेल’ म्हटलं तर गोष्ट वेगळी. पण हे त्यांना विचारा, आणि वडिलांसमोर विचारू नका, नाहीतर उत्तर वडिलांचं मिळेल.

आता ४३ इंची. ‘नो कॉस्ट’ हप्त्याचा खर्च कुठे दडलेला असतो ते विचारून पाहा: ‘रोख दिले तर किती कमी करणार?’ दुकानदार पंधराशे-दोन हजार सोडायला तयार झाला की तेच तुमचं व्याज. वर फाईलचे पैसे, त्यावर जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना लेखी सांगितलं होतं. पण समजा खरंच शून्य आहे. तरी हप्ता २,१६७. स्मार्ट टीव्ही नुसता घेऊन भागत नाही, त्याला गावात ब्रॉडबँड हवं: ५०० अधिक कर, ५९०. म्हणजे पहिलं वर्ष महिना २,७५७, आणि अजून आईंच्या मालिकांचं अ‍ॅप धरलेलंच नाही. ४०० ला कंटाळलेला माणूस पावणेतीन हजारांत शिरतोय. शिवाय ब्रॉडबँडचे ५९० हप्ते संपल्यावरही संपत नाहीत.

विजेच्या बचतीचं गणितही दुकानदाराने तुम्हाला ऐकवलं असेल. २१ इंची डब्बा ८० वॅटच्या आसपास घेतो, ३२ इंची एलईडी त्याच्या निम्मी. रोज पाच तास धरले तर वर्षाला ७३ युनिट वाचतात, आठ रुपये दराने ५८४ रुपये. पण ४३ इंची स्वतःच सत्तर-ऐंशी वॅटपर्यंत जातो. तिथे बचत संपली.

आणि तुमच्या डोक्यावर १२ टक्क्यांचं कर्ज आहे, तारण बहुधा आईंचेच दागिने. २६ हजार त्यात गेले तर वर्षाला ३,१२० रुपये व्याज वाचतं. एवढा नक्की परतावा मी तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही योजनेत दाखवू शकत नाही.

नव्या टीव्हीच्या बाजूने एकच मुद्दा मला पटतो: आईंचे डोळे. डब्बा टीव्हीचा पडदा चौकोनी, आजचं प्रक्षेपण रुंद. पूर्ण चित्र बसवलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि २१ इंचांतून चित्र उरतं जेमतेम एकोणीस इंचांचं. पट्ट्या घालवल्या तर कडा कापल्या जातात, आकडे आणि नावं अर्धी दिसतात. ऑपरेशन झालेल्या माणसाला पुढे सरकून बसायला लावणं बरं नाही. यासाठी ३२ इंची पुरतो, खोलीही दहा बाय बारा आहे म्हणता. बारा हजारांच्या आसपास बरे मिळतात. उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेला मिळाला तर तो निवडा. पुढे कधी फ्री डिश घ्यावीशी वाटली तर नुसती छत्री लागेल. आणि जुना केबल बॉक्स तसाच जोडला जाईल, आईंना नवा रिमोट शिकावा लागणार नाही.

तेव्हा असं करा. या आठवड्यात केबलचा पॅक मोडून चार वाहिन्यांवर आणा. जे २,७५७ रुपये महिना तुम्ही द्यायला तयार झाला होता, त्यातले १,००० आवर्ती ठेवीत टाका आणि १,७५७ सोनेतारण कर्जात भरा. अर्धवट परतफेड चालते का, तेवढं शाखेत विचारून घ्या. गणिताने सगळेच कर्जात जायला हवेत, पण मग आईंचा टीव्ही कधीच येणार नाही, हेही मला ठाऊक आहे. वर्षभरात कर्जातून २१ हजार उतरतील आणि ठेवीत बारा हजार जमतील. पुढच्या दिवाळीत ३२ इंची रोखीने घ्या.

मधल्या काळात डब्बा बंद पडला तर मेकॅनिकला आधी आकडा विचारा. हजाराच्या आत असेल तर करून घ्या. ‘एलओटी गेलाय’ (म्हणजे आतला मोठ्या दाबाचा ट्रान्सफॉर्मर) किंवा ‘पिक्चर ट्यूब कमजोर झालीय’ म्हणाला तर थांबा, त्या टीव्हीत पैसे घालू नका. ठेव मोडून ३२ इंची आणा. जुना टीव्ही भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. दुकानदार बदल्यात घेत असेल तर द्या, पण त्याचे पाचशे रुपये मोजण्याआधी बदल्याशिवायची किंमत विचारा. बऱ्याचदा ती तेवढीच निघते.

वडिलांना सांगा की तूर्त त्यांचंच ऐकलंय.