प्रबंध नाही, मग पदवी कसली?

प्रश्न : माझ्या मुलीला अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या गोल्डमन स्कूलमध्ये एमपीपीला, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळालाय. तिचं बी.ए. राज्यशास्त्रात झालं आहे. ती म्हणते, प्रबंध लिहायचा नसतो, उन्हाळ्यात कुठेतरी काम करायचं असतं आणि 48 तासांची कसलीशी परीक्षा असते. लाखोंचं कर्ज काढून एवढंच शिकायचं का? — एक वडील, लातूर

उत्तर : तुमची मुलगी सांगते ते खरं आहे. फक्त तिने ते फारच हलक्या आवाजात सांगितलेलं दिसतंय!

आधी ती 48 तासांची भानगड. पहिल्या वर्षी कधीतरी मुलांच्या हातात कागदपत्रांचा गठ्ठा पडतो आणि दोन दिवसांत निर्णय घेणाऱ्यासाठी टिपण लिहून द्यायचं असतं. तुमच्याच गावचं उदाहरण घेते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, आठवतं ना? समजा, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी विचारलं असतं, ‘पुढच्या उन्हाळ्यासाठी काय करू?’ रेल्वे, टँकर, गळती थांबवणं, उसाचं क्षेत्र आवरणं : प्रत्येकाला खर्च किती, पाणी कधी मिळेल, रोष कोणाचा ओढवेल, हे मांडायचं आणि पहिल्याच परिच्छेदात ‘हे करा’ असं सांगायचं. ‘सर्व बाजूंचा विचार व्हावा’ असलं मोघम वाक्य तिथे चालत नाही. मी सरकारी कचेरीत असताना टेबलावर यायचं ते बहुतेक असलंच, म्हणून मला या सरावाचं फार अप्रूप वाटतं.

प्रबंधाच्या जागी शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एकट्याने एक मोठा अहवाल करावा लागतो, आणि तो खऱ्याखुऱ्या संस्थेसाठी : एखादी नगरपालिका, सरकारी खातं, स्वयंसेवी संस्था. मार्गदर्शक प्राध्यापक असतात, पण प्रश्न त्या संस्थेचा. माहिती वेळेवर न मिळणं, मध्येच प्रश्न बदलणं, हे सगळं त्यात आलं.

खरा घाम पहिल्या वर्षात निघतो. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र चुकवता येत नाही. जोडीला कायदा आणि राजकारण आहेच, पण राज्यशास्त्रवालीला ते जड जाऊ नये. शिवाय बर्कलीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरासरी 3.0, म्हणजे ‘बी’ श्रेणी, टिकवावीच लागते. म्हणून जायच्या आधीचे महिने तिने खरेदीत घालवू नयेत. बारावीचं गणित आणि संभाव्यता पुन्हा घासून घ्यावी, एक्सेलवर हात बसवावा.

उन्हाळ्यातलं काम हौसेचं नाही, पदवीसाठी सक्तीचं आहे. साधारण 10 आठवडे. अमेरिकेत करायचं तर विद्यार्थी व्हिसावर त्याची परवानगी आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून घ्यावी लागते. काम सुरू करून मग अर्ज, हा आपल्याकडचा खाक्या तिथे महागात पडेल, थेट व्हिसावर येईल. चांगल्या संस्थाही कधीकधी बिनपगारी ठेवतात. तेव्हा बँकेचा हिशेब मांडताना या कामाचं मानधन शून्यच धरा. मिळालंच, तर तिच्या घरभाड्याला लागेल.