अलास्कातल्या स्लेजच्या (बर्फावरच्या घसरगाडीच्या) शर्यतीत कुत्र्यांची खरंच काळजी घेतात, की नुसते हाल?

काळजी घेतात. निदान आमच्या निपाणीकडं पळाऊ बैलांची घेतात त्याहून जास्त.

‘जनावराला पळायची हौसच असते’ हे तुमच्या प्रश्नाखालचं उत्तर वाचलं आणि डोकं फिरलं, कारण आमच्या तात्यांचं, म्हणजे चुलत्यांचं, हेच पेटंट वाक्य. घरी खिलार खोंड होता. जत्रेतल्या शर्यतीच्या आदल्या सांजेला पुढचा पाय टेकवेना. उचलून बघितलं तर खुराला ठोकलेल्या पत्रीचा खिळा आत मांसापर्यंत गेलेला. खूर गरम, दाबलं की खांद्यापर्यंत कातडी थरथरायची. तात्या म्हणाले, “जुंपला की इसरतंय त्ये.” आणि विसरला की! जू पडताच उसळला, पळाला, नंबरही काढला. पुढं पेरणीला मात्र गोठ्यातनं उठेना. तात्या अजून तो नंबरच सांगतात.

हस्की, म्हणजे स्लेज ओढणारा कुत्रा, तोही तसलाच, दुखणं गिळून ओढणारा. म्हणून इडिटारॉड या अलास्कातल्या मोठ्या स्लेज शर्यतीत, अँकरेज ते नोम साधारण १,६०० किलोमीटर, त्याच्या हौसेवर काही सोडत नाहीत. आधी रक्त आणि ईसीजी तपासतात, वाटेतल्या थांब्यांवर पशुवैद्य असतात. बर्फाचे खडे बोटांत रुतू नयेत म्हणून पायांत कापडी मोजे. दिवसाला दहा हजार कॅलरीच्या घरात चरबीचं खाणं. एकदा सलग २४ तास आणि दोनदा आठ-आठ तास थांबणं सक्तीचं. पण खरी मेख वेगळीच: स्लेजला जुंपलेल्यांतला एक कुत्रा लंगडला तर त्याला थांब्यावर सोडून बाकीच्यांना घेऊन पुढं जाता येतं. आमच्याकडं जोडीतला एक बसला की शर्यतच बुडाली, मग कोण कशाला लंगडा म्हणेल?

हां, २०२४ च्या शर्यतीत तिथं तीन कुत्री मेली, तेही लपवायचं कारण नाही. आणि शर्यत नसताना बरीच कुत्री साखळीला बांधलेली असतात, त्यावर टीका होते ती मला पटते.

मी बंदीवाला नाही. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं कर्नाटक-महाराष्ट्राचे शर्यतींचे कायदे मान्य केले तेव्हा तात्यांचे पेढे मीही खाल्ले. पण शर्यत कुठलीही असो, मालक नको म्हणत असताना जनावर शर्यतीबाहेर काढायचा अधिकार कुणाला, एवढं विचारा. मी आमच्या जत्रा कमिटीला विचारलं. म्हणाले, पंचांना. यंदा पंच तात्याच आहेत.