पिनयिन येत असताना आकारावरून चिनी टंकलेखन शिकावे का?

रोमन लिपीत उच्चार लिहिला की पिनयिनने चिनी अक्षर मिळते, मग अक्षराचे तुकडे पाडून टंकायला कोणी का शिकावे, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न माझ्या एका वरिष्ठांनी मला भर कार्यालयात हसत हसत विचारला होता, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

हाँगकाँगमध्ये मी मालवाहतुकीच्या कागदपत्रांचे भाषांतर करत असे. एका बिलावर दुकानाच्या नावात ‘सोने’ हे चिन्ह वर एक आणि खाली दोन असे रचलेले अक्षर आले. उच्चार ठाऊक नव्हता, आणि उच्चाराशिवाय पिनयिनचे काही चालत नाही. मी शब्दकोश चाळत असताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या कीबोर्डवर सी तीनदा आणि स्पेस एकदा दाबला, आणि अक्षर पडद्यावर आले. ही त्सांगच्ये पद्धत. चू बाँग-फू यांनी १९७६ मध्ये तैवानात ती तयार केली. तिच्यात ए म्हणजे सूर्य, बी म्हणजे चंद्र, सी म्हणजे सोने, डी म्हणजे झाड, अशी २४ मूळ चिन्हे आहेत. सूर्य-चंद्र मिळून ‘तेजस्वी’ होते म्हणून ए-बी, दोन झाडांचे वन म्हणून डी-डी, आणि कोणत्याही अक्षराला पाचांहून अधिक कळा लागत नाहीत.

वरिष्ठांच्या मते हा जुन्या कारकुनांचा छंद होता. पिनयिन मँडरिनचा, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेचा, उच्चार लिहिते आणि आमच्या कार्यालयातील बहुतेकांच्या घरी वेगळ्या उच्चारांची कँटोनीज बोलली जाते, हे त्यांनी कधी लक्षातच घेतले नाही. पुढे त्यांनीच एका ग्राहकाला पाठवायच्या पत्रात त्याच्या ‘झांग’ या आडनावाच्या जागी तोच उच्चार असलेले दुसरे आडनाव टंकले. ते मी वेळीच दुरुस्त केले. त्सांगच्येत एकाची सुरुवात एनने होते, दुसऱ्याची वायने, त्यामुळे ही गल्लत सहसा होत नाही.

अर्थात, मला हात बसायला चार महिने लागले, आणि काही अक्षरांची फोड तर्काला धरून नसते, ती पाठच करावी लागते. चीनच्या मुख्य भूमीवरची सोपी केलेली अक्षरे लिहायची असतील, तर वांग योंगमिन यांची १९८३ ची वूबी ही आकारावरचीच पद्धत पाहा. तिला चारच कळा पुरतात. नुसत्या मोबाइलवर गप्पा मारायच्या असतील, तर पिनयिन पुरे.

त्या बिलावरच्या अक्षराचा मँडरिन उच्चार ‘शिन’ आहे, हे मला पुढे वर्षभराने कळले.